पहाटे पाचची मूठ

अक्कांना विचारा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की, दवाखान्यात जाल तेव्हा दुखतं कुठं एवढंच सांगू नका, किती वाजता दुखतं तेही सांगा. त्या एका वाक्यावर खानापूरपासून अथणीपर्यंतची पत्रं आली. म्हणून या वेळचं सगळं पान त्यांनाच देते.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातल्या कितीतरी रात्री ड्युटीवर जागून काढल्या. आता बेळगावात शहापूरला राहते. गेली १७ वर्षं मी स्वतः संधिवाताची पेशंट आहे. त्यामुळे गोळी कुठली आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. रात्री तीन वाजता वॉर्डात काय दिसतं आणि पहाटे पाच वाजता स्वतःच्या हाताला काय होतं, ते मात्र मी सांगू शकते.

प्रश्न : अक्का, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३४. सात-आठ महिने झाले, सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं वळत नाहीत. पीठ मळता येत नाही, भाकरी थापता येत नाही. नऊ-साडेनऊपर्यंत हळूहळू बोटं सुटतात. दुपारी मी बाकीच्या बायकांबरोबर भाताच्या नट्टीला, म्हणजे रोपं लावायला, जाते. सासूबाई म्हणतात, ‘नट्टी लावताना हात चालतात, खरं भाकरी थापायला चालत नाहीत होय? नाटक करालीस.’ नवरा काहीच बोलत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हात तर चांगले आहेत, रक्त कमी असेल. आता मलाच वाटायला लागलंय, हे माझ्या मनाचं तर नाही ना?
— एक सून

उत्तर : मनाचं नाही. बाकीचं उत्तर नंतर सावकाश वाच, पण हे आधी ऐक. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून तुला अगं-तुगं करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यातली निम्मी वाक्यं माझी आहेत. मला हे सुरू झालं तेव्हा मी रात्रपाळीला होते. पहाटे पाच-सहाच्या सुमारास इंजेक्शनची काचेची अँप्युल फोडायची म्हटली तरी अंगठा साथ देईना. सलाइनची नळी बसवायला ज्युनियर मुलीला हाक मारावी लागे. मग ड्युटी संपवून, घरी जाऊन, आंघोळ करून मी अकरा वाजता ओपीडीत स्वतःचा हात दाखवायला जायची. अकरा वाजता माझी मूठ छान वळायची! डॉक्टर बोटं दाबून बघायचे आणि म्हणायचे, सिस्टर, जागरण कमी करा, टेन्शन घेऊ नका. असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत माझ्या उजव्या मनगटाचं जे नुकसान झालं ते आजही तसंच आहे. पेशंटच्या तापाचा चार-चार तासांचा चार्ट मी पलंगाला टांगत होते, आणि स्वतःच्या बोटांचा एक दिवसाचाही चार्ट मी ठेवला नव्हता. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांनी अकरा वाजताचा हात पाहिला, मी पाच वाजताचा सांगत होते. मधले सहा तास कागदावर कुठंच नव्हते.

आता हे का होतं ते समजून घे, म्हणजे तुला कुणालाही नीट सांगता येईल. आपल्या अंगात कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य तयार होतं. सूज दाबून ठेवणं हे त्याच्या कामांपैकी एक. मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळ्यांत कमी असतं आणि जाग येण्याच्या वेळेला भरपूर वाढतं. ज्याला सांध्यांच्या सुजेचा संधिवात आहे, त्याच्या अंगात सूज वाढवणारी द्रव्यं रात्रीच्या उत्तरार्धात चढत जातात. त्यातल्या एकाचं नाव इंटरल्यूकिन-६. पहाटे ही द्रव्यं जोरात असतात आणि अंगातलं कॉर्टिसॉल त्यांना पुरं पडत नाही. शिवाय रात्रभर हात हलत नाहीत, त्यामुळे सांध्याभोवतीचं पाणी तिथंच साचून राहतं. सकाळ सरते, कॉर्टिसॉल आपलं काम करतं, हात हलू लागतात, सूज ओसरते. दुपारी तू नट्टीला जाऊ शकतेस, कारण दुपारी तुझे हात खरंच बरे असतात. सासूबाई दुपारचं जे बघतात ते खरं आहे, आणि तू सकाळचं जे सांगतेस तेही तेवढंच खरं आहे.

वेळेवरून आणखी एक गोष्ट कळते. वय झालं की गुडघ्यांची झीज होते, ती दुखणी वेगळी. त्यात सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि दिवसभर राबून संध्याकाळी दुखणं वाढतं. सुजेच्या संधिवातात उलटं. सकाळी तासाहून जास्त वेळ आखडलेलं, कामाला लागलं की मोकळं. त्यात दोन्ही हातांच्या बोटांचे छोटे सांधे एकदम धरतात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो. तुझं साडेनऊपर्यंत आखडलेलं राहतं म्हणजे तास-दीड तास केव्हाच उलटून गेलेला असतो. मी नाव लावत नाही, ते तपासणीनंतरच लागतं. पण रक्त कमी आहे म्हणून बोटं पहाटे वळत नाहीत आणि दुपारी वळतात, असं होत नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

तुला दोन आठवडे एक काम करायचं आहे. शंभर पानी वही नको, कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलंस तरी चालेल. उठलीस किती वाजता, आणि मूठ पुरती वळली किती वाजता. बस्स, दोनच आकडे. जमलं तर तिसरी गोष्ट : बांगड्या. सूज असेल त्या दिवशी पहाटे हातात बांगडी चढत नाही, दुपारी चढते. कुठल्या दिवशी चढली नाही ते लिही. आणि एका सकाळी, उठल्या उठल्या, मूठ वळायचा प्रयत्न करून त्या हाताचा मोबाइलवर फोटो काढायला सांग. शेजारी घड्याळ ठेवायचं. त्याच हाताचा दुपारी दोनचा दुसरा फोटो. हे दोन फोटो मी डॉक्टरांसमोर ठेवले तेव्हा माझी तपासणी पहिल्यांदा नीट झाली. फोटो कोण काढणार? नवऱ्यालाच काढू दे. काही बोलत नाही म्हणतेस, तर त्याला बघू दे. बघितल्यावर माणसाला बोलावं लागतं.

मग बेळगावला सांध्यांच्या आजाराच्या डॉक्टरांकडे, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना, त्यांच्याकडे जा. ते आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी अशा रक्ताच्या तपासण्या सांगतील. त्यातली एखादी नॉर्मल आली तरी आजार नाही असं आपणच ठरवायचं नाही. लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. उशीर केला तर जे वाकडं झालं ते गोळीनं सरळ होत नाही. या आजारात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी पुष्कळदा देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतल्यानं जीवावर बेतलेले पेशंट मी वॉर्डात पाहिलेत. ती मिळाली तर कॅलेंडरवर वार लाल शाईनं लिहून ठेव. आणि मूल हवं असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना आधी सांग, त्या गोळीनं पोटातल्या बाळाला अपाय होतो.

बाजारच्या दिवशी सांधेदुखीच्या पुड्या विकणारे येतात. दोन दिवसांत हात मोकळे होतात म्हणून बायका रांग लावतात. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइड हे औषध आहे, डॉक्टरही देतात. पण ते मोजून देतात, बहुधा सकाळी घ्यायला सांगतात, कारण अंगातलं कॉर्टिसॉलही सकाळीच वर असतं, आणि बंद करताना हळूहळू बंद करतात. पुडीत किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कुणी आधीच महिनोन्महिने घेत असेल तर हे वाचून एकदम सोडू नका, ते धोक्याचं आहे. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

तोवर घरातली सोय. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं हात कोमट पाण्यात ठेव आणि पाण्यातच बोटं उघड-मीट कर. माझा आजही दिवस तसाच सुरू होतो. भाकऱ्या नऊनंतर कर, किंवा जावेशी काम बदलून घे. तिनं सकाळच्या भाकऱ्या कराव्यात, तू दुपारची धुणी-भांडी घ्यावीस. सासूबाईंना माझं पत्र वाचून दाखव. त्या वाईट आहेत असं मला वाटत नाही. भाकरी थापता न येणारी सून म्हणजे आळशी, हे त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलेलं असणार. त्यांना म्हण, आत्या, एकदा पाच वाजता माझा हात तुमच्या हातात घेऊन बघा. सुजलेला सांधा गरम लागतो. हाताला कळतं ते.

प्रश्न : माझी आई ६३ वर्षांची. निपाणीत तिनं चाळीस वर्षं घरी बसून विड्या वळल्या. सहा महिन्यांपासून रोज रात्री तीन-साडेतीनला धाप लागून उठते, उंबऱ्यावर येऊन बसते, तासाभरानं बरं वाटतं. दिवसा काही नाही. दवाखान्यात छाती तपासली, साफ आहे म्हणाले. नात्यातले लोक म्हणतात, रोज ठरावीक वेळेलाच येतं म्हणजे हे बाहेरचं आहे, कुणीतरी केलंय. माझा विश्वास नाही, पण वेळेचं कोडं मलाही सुटत नाही.
— एक मुलगा, निपाणी

उत्तर : वेळेचं कोडं सुटलेलं आहे, आणि त्याला करणी लागत नाही.

जांबोटीकडे जाताना रस्त्याकडेला लाजाळू दिसते. दिवसा तिची पानं उघडी असतात, रात्री मिटतात. १७२९ मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं अशाच पानं मिटणाऱ्या झाडाला अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही पानं आपल्या वेळेला उघडत होती. म्हणजे वेळ झाडाच्या आत होती. माणसाच्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो अंगभर वेळ वाटत असतो. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं हे फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. तेव्हा ठरावीक वेळ ही बाहेरची खूण नाही. ती आतलीच खूण आहे.

पहाटे चारच्या आसपास तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच श्वासाच्या नळ्या दिवसापेक्षा थोड्या अरुंद होतात. अ‍ॅड्रेनलिन त्या मोकळ्या ठेवतं, ते तेव्हा कमी असतं. सूज दाबणारं कॉर्टिसॉलही रात्री कमी. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. ज्याच्या नळ्यांना आधीच सूज आहे, म्हणजे दमा आहे, त्याची झोप मोडते. सर जॉन फ्लॉयर नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते, त्यांना स्वतःला दमा होता. १६९८ मध्ये त्यांनी दम्यावर पुस्तक लिहिलं, त्यात नोंदवलं आहे की आपला दम रात्री झोपेनंतरच उठतो. तेव्हा ना स्टेथोस्कोप होता ना एक्स-रे. ते स्वतःच्या रात्री मोजत होते. तुमच्या आईही उंबऱ्यावर बसून तेच करताहेत.

दिवसा छाती साफ ऐकू येणं दम्यात अगदी शक्य आहे. म्हणून पीक फ्लो मीटर नावाची फुंकायची नळी घ्या. औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते. उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा तीन-तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा लिहायचा. दोन आठवडे. सकाळचा आकडा रोज संध्याकाळपेक्षा बराच खाली असेल तर तो कागदच डॉक्टरांना पुष्कळ सांगेल. विड्या वळताना तंबाखूची धूळ, वर चुलीचा धूर, इतकी वर्षं गेल्यावर दम्याबरोबर सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजारही असू शकतो. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजायची तपासणी, करून मागा.

एक प्रश्न मी प्रत्येक धापेच्या पेशंटला विचारायची, तो तुम्ही आज रात्रीच आईंना विचारा : उशा किती लागतात? आडवं पडलं की धाप आणि उठून बसलं की आराम, दोन-तीन उशांशिवाय झोप नाही, संध्याकाळी पावलांवर बोट दाबलं की खळगा पडतो, असं असेल तर हृदयाची तपासणी आधी करा. दिवसा पायांत उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर परत वर येतं आणि कमजोर हृदयाला ते पेलत नाही. तीही रात्रीचीच धाप, पण उपचार साफ वेगळे.

दमा निघाला तर इन्हेलर मिळेल. त्यातला रोजचा, सूज कमी करणारा पंप आणि धाप लागल्यावरचा निळा पंप वेगवेगळे असतात. लोक बरं वाटलं की रोजचा सोडतात आणि निळ्यावरच राहतात, मग पुन्हा पहाट वैऱ्याची होते. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरायची. आणि तंबाखूचं सूप आई झोपतात त्या खोलीतून बाहेर काढा. आठवड्यातून एक रात्र जरी धापेनं मोडत असली तरी दमा आटोक्यात नाही असंच समजायचं. बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट बघू नका.

प्रश्न : मी चिकोडीकडचा ऊस शेतकरी, वय ५२, शुगरची गोळी चालू. रात्री झोपताना १३०, सकाळी काही न खाता १७५! रात्रीची भाकरी बंद केली तरी तेच. उपाशी पोटी शुगर येते कुठनं?

उत्तर : तुमच्याच लिव्हरमधून. पहाटे तीन-चारपासून अंग उठायची तयारी करतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वाढतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसाचं इन्शुलिन ती सांभाळून घेतं, मधुमेहात ते जमत नाही. इंग्रजी पुस्तकात याला पहाटेचंच नाव दिलेलं आहे. भाकरी बंद करून हे थांबत नाही, उलट काही गोळ्यांवर किंवा इन्शुलिनवर असताना उपाशी झोपलात तर रात्री शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. भाकरी आजपासून सुरू करा. लवकर जेवा, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं बांधावरून चाला. तीन-चार रात्री गजर लावून तीन वाजता शुगर बघा. तीनला ठीक आणि सातला जास्त, तर हीच पहाटेची वाढ. तीनलाच ७० च्या खाली, किंवा घाम फुटून जाग येते, तर औषध जास्त होतंय. दोन्ही वेळचे आकडे डॉक्टरांना दाखवा, औषध स्वतः वाढवू नका. आणि थ्री फेज लाईट रात्री असते म्हणून तुम्ही पाणी पाजायला जागत असाल, तर त्या रात्रींपुढे खूण करा. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी शुगर चढते, तो आकडा बाकीच्यांत मिसळायला नको.

प्रश्न : उद्यमबागला फाउंड्रीत आठवड्याला शिफ्ट बदलते. बीपीची गोळी सकाळची म्हणून लिहून दिलीय. रात्रपाळी करून आल्यावर माझी सकाळ कुठली धरायची? काही लोक म्हणतात रात्री घेतली तर जास्त लागू पडते.

उत्तर : हा प्रश्न ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त बीपीच्या पेशंटवर तपासून पाहिला गेला. निम्म्यांनी गोळी सकाळी घेतली, निम्म्यांनी संध्याकाळी. २०२२ मध्ये निकाल आला : हार्ट अटॅक आणि पक्षाघातात फरक नाही. तेव्हा घड्याळातली अशी एक वेळ धरा जी तिन्ही शिफ्टमध्ये तुम्ही जागे असता, आणि डॉक्टरांना विचारून ती पक्की करा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर झोपायच्या तोंडावर घेऊ नका, झोपेचं वाटोळं होईल.

बीपी मोजलं की पुढं शिफ्ट लिहा. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के खाली यायला हवं. रात्रपाळीवाल्यांत हा उतार बिघडतो. २४ तास दंडाला बांधायचं यंत्र असतं, एकदा त्यानं बघून घ्यायला हरकत नाही. बायको म्हणत असेल की तुम्ही जोरात घोरता आणि मधेच श्वास थांबतो, तर तेही सांगा. अजून एक, हे सगळ्यांसाठीच : हार्ट अटॅक सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त येतात. रात्रपाळी सुटताना छातीत दाबल्यासारखं झालं तर गॅस आहे म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या, विसरण्याचा आजार आहे. माहेर त्यांचं गोकाककडचं, कानडी. लग्न होऊन अथणीला आमच्या मराठी घरात आल्या त्याला साठ वर्षं होत आली. दिवसभर शांत असतात, मराठीच बोलतात, नातवाला ओळखतात. दिवेलागणीला मात्र बदलून जातात. पदर आवळून दाराशी उभ्या राहतात, ‘मनिगि होगूण’ म्हणत राहतात. म्हणजे घरी जाऊ या. हेच तुमचं घर आहे म्हटलं की रडतात, कधी मारायला येतात. दीर पुण्याहून दुपारी फोन करतात, त्यांच्याशी छान बोलतात. दीर म्हणतात, आई तर बरी आहे, वहिनी वाढवून सांगताहेत.

उत्तर : वहिनी, तुमच्या दिरांना एकदा संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल करायला सांगा. मी मघाच्या सुनेला पाच वाजताचा फोटो काढायला सांगितला, तसंच हे. आणि एका आठवड्याच्या सुट्टीत येऊन त्यांनी पाच ते आठ एकट्यानं आईंजवळ बसावं. हे तुम्हाला सांगता येत नसेल तर अक्का म्हणते असं सांगा.

विसरण्याच्या आजारात तिन्हीसांजेला गोंधळ वाढणं हे डॉक्टरांना नीट ठाऊक असलेलं लक्षण आहे. मेंदूतला जो पुंजका मी वर सांगितला, तोही या आजारात झिजतो. दिवसभराचा थकवा असतो, उजेड कमी होतो, सावल्या लांब पडतात, ओळखीची खोली अनोळखी दिसते. त्यात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि पाळण्यातली भाषा जास्त टिकते. तुमच्या सासूबाई संध्याकाळी गोकाककडच्या आठ वर्षांच्या मुलगी होतात. आठ वर्षांच्या मुलीला तिन्हीसांजेला आईकडे जावंसं वाटणारच.

आमच्या वॉर्डात अशा आज्ज्या यायच्या. रात्री साडेसातला त्यांच्याशी मराठीत बोलून उपयोग व्हायचा नाही. मला कानडी मोडकंतोडकं येतं, पण ‘ऊट आत?’ म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारलं तरी हाताची पकड सैल व्हायची. तुम्ही घरातली चार कानडी वाक्यं संध्याकाळसाठी ठेवा. शेजारी कानडी घर असेल तर तिथल्या बाईंना साडेसहाला अर्धा तास येऊन बसायला सांगा. आपल्या भागात हे मागायला अवघड नाही.

सकाळी त्यांना अर्धा तास उन्हात बसवा किंवा चालवा, त्यानं दिवस-रात्रीचं भान थोडं टिकतं. दुपारी तासाभरापेक्षा जास्त झोपू देऊ नका. तीननंतर चहा नको. अंधार पडायची वाट न बघता साडेपाचलाच घरातले सगळे दिवे लावा, खिडकीच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसून घाबरत असतील तर पडदा ओढा. सात वाजताच्या टीव्हीवरची भांडणं बंद. त्या वेळेला हाताला काम द्या, लसूण सोलायचा, वाती वळायच्या. चष्मा आणि कानाचं यंत्र संध्याकाळी जागेवर आहे ना बघा. पोट साफ नसलं, कुठं दुखत असलं तरी त्या सांगू शकत नाहीत, ते गोंधळातून बाहेर पडतं. एकाएकी, दोन-चार दिवसांत फारच बिघडलं, किंवा दिवसाही गुंगी यायला लागली, तर हा नेहमीचा आजार नव्हे. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन गोळीचा परिणाम, असं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका, रात्री उठून पडल्या तर खुब्याचं हाड मोडतं.

हेच तुमचं घर, असं सांगू नका. त्यांना ते पटत नाही आणि खोटं पाडल्यासारखं वाटतं. विचारा, घरी कोण कोण आहे? विहीर कुठं आहे? आई काय करत असेल? बोलू द्या. तरी पदर सोडत नसतील तर चपला घाला, हात धरा आणि खरंच निघा. अंगणाला एक फेरी, गल्लीच्या टोकापर्यंत, देवळापाशी थोडं थांबा. मग म्हणा, अव्वा, आता अंधार पडला, आजची रात्र इथं राहू. दारात दिवा लावूनच बाहेर पडा, म्हणजे परत येताना त्यांना तो लांबून दिसेल.